खडा काढायचा की ग्रंथीच?

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. दोन वर्षांपासून जेवायला बसलं की उजव्या जबड्याखाली गाठ वर येते, ठणका लागतो आणि तास-दीड तासात सगळं आपोआप उतरतं. आधी वाटलं दाढेचं असेल, पण दाढा चांगल्या निघाल्या. मध्यंतरी दोनदा ताप आला, जिभेखाली घाण चव यायची, तेव्हा अँटिबायोटिक घेऊन बरं वाटलं. आता सोनोग्राफीत लाळग्रंथीच्या नळीत ६ मिलिमीटरचा खडा दिसला आहे. एक डॉक्टर म्हणतात ग्रंथीच काढून टाकू, दुसरे म्हणतात एवढ्यात कशाला हात लावायचा. मी आंबट सोडलंय, पातळ पदार्थांवर दिवस काढतेय, शाळेत कुणाबरोबर जेवायला बसत नाही. दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्याही बंद केल्या. ऑपरेशनने तोंड वाकडं होईल का? हा खडा पुढे कॅन्सरचा होतो का? आणि हे असं किती दिवस ढकलता येईल?

उत्तर : ताई, ऑपरेशनचं पुढे बोलू. आधी नीट जेवायला लागा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. दुखतं म्हणून चावणं सोडलं, चावणं सोडलं म्हणून लाळ सुटेना, आणि लाळ साचून राहिली की खड्याला वाढायला आणि जंतूंना शिरायला आयतीच सोय होते. म्हणजे ज्या गोष्टीने तुम्हाला आज आराम वाटतोय, तीच पुढच्या तापाची तयारी करतेय. दोन वर्षं माणसं टाळून एका कोपऱ्यात जेवण्याएवढा हा आजार मोठा नाही. तो बरा होण्यासारखा आहे, आणि बहुतेक वेळा ग्रंथी जागेवर ठेवूनच बरा होतो.

जेवतानाच का दुखतं, ते सांगते. आपल्या तोंडात लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात : कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. खड्यांचा मक्ता मात्र जबड्याखालच्या ग्रंथीकडे आहे, शंभरातले ऐंशीहून जास्त खडे तिथे सापडतात. कारण सरळ आहे. या ग्रंथीची लाळ जास्त चिकट, त्यात कॅल्शियमही जास्त, आणि तिची नळी जवळपास ५ सेंटिमीटर लांब. ती नळी मागून पुढे आणि खालून वर चढत येते, मागच्या बाजूला स्नायूच्या कडेवर वळते आणि जिभेखाली अगदी बारीक तोंडाने उघडते. तुमच्या रिपोर्टमध्ये तिचा उल्लेख ‘व्हार्टन डक्ट’ असा असेल. थॉमस व्हार्टन या इंग्रज डॉक्टरांनी १६५६ साली ग्रंथींवरच्या आपल्या पुस्तकात तिचं वर्णन केलं, त्यावरून ते नाव.

खडा या नळीत अडकलेला असतो, पण पुष्कळदा तो नळी पूर्ण बुजवत नाही. एरवी थोडीथोडी लाळ त्याच्या बाजूने झिरपत राहते, म्हणून तुम्हाला दिवसभर काही जाणवत नाही. जेवण समोर आलं की ग्रंथी एकदम लाळ ओतायला लागते, तेवढी बाहेर पडायला वाट नसते, ग्रंथी फुगते आणि तिचं आवरण ताणलं जाऊन ठणका लागतो. जेवण संपलं की लाळ कमी होते, साचलेली हळूहळू झिरपून जाते, गाठ उतरते. जेवणाच्या वेळेशी जोडलेली अशी सूज कुणी सांगितली की आम्ही तपासायच्या आधीच अर्धं निदान करून मोकळे होतो. दाढेकडे तुमचा संशय गेला यात नवल नाही. जबड्यातलं दुखणं नेमकं कुठून येतंय हे कळणं अवघडच असतं.

आता दूध आणि गोळ्या. हा खडा कॅल्शियम फॉस्फेटचाच असतो हे खरं. पण तो होतो लाळ साचल्यामुळे, तुम्ही दूध प्यायल्यामुळे नाही. अशा बहुतेक रुग्णांच्या रक्तातलं कॅल्शियम अगदी व्यवस्थित असतं. दूध सोडून तयार खडा विरघळत नाही, तुमच्या वयात हाडांचं नुकसान मात्र होऊ शकतं. गोळ्या ज्यांनी दिल्या त्यांच्याशी बोलून घ्या, मनाने बंद ठेवू नका. मुतखड्यावर म्हणून जी चूर्णं, काढे, पाचक मिळतात त्यांच्याही नादी लागू नका, लाळेचा खडा त्यांनी विरघळत नाही. अँटिबायोटिकनेही विरघळत नाही. ते फक्त जंतू मारतं, खडा तिथेच असतो, म्हणून तर तुम्हाला दोनदा घ्यावं लागलं.

त्यापेक्षा तुम्ही रोज कोणती औषधं घेता ते बघा. ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, लघवी वारंवार होते म्हणून दिलेल्या गोळ्या यांनी लाळ कमी होते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतात, त्यांनीही शरीरातलं पाणी कमी होतं. यातलं काही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. बदलता आलं तर ते बदलून देतील. गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा आजार असेल, तर तेही सांगा. तंबाखू, सिगारेट असल्यास मी काय म्हणणार ते तुम्हाला माहीतच आहे.

आज घरी एक गोष्ट करून बघा. चांगल्या उजेडात आरशासमोर उभ्या राहा आणि जीभ टाळूला लावा. जिभेखाली मधोमध पातळ पडदा दिसेल, त्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक बारीकसा उंचवटा असतो. तीच दोन्ही नळ्यांची तोंडं. जिभेखालचा भाग स्वच्छ रुमालाने टिपून कोरडा करा आणि बाहेरून डाव्या जबड्याखाली बोटांनी हलकं दाबा. डाव्या टोकावर पाण्यासारखा स्वच्छ थेंब उमटेल. आता उजवीकडे दाबा. थेंब आलाच नाही, किंवा फार उशिरा आला, तर नळी बरीच अडलेली आहे. गढूळ, पिवळसर आलं तर आत जंतुसंसर्ग आहे आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं. मग हात धुऊन उजव्या हाताचं बोट तोंडात जिभेखाली उजव्या बाजूला ठेवा आणि डाव्या हाताची बोटं बाहेरून जबड्याखाली. दोन्हींच्या मध्ये मागून पुढे चाचपत या. कडक, तांदळाच्या कणीपेक्षा मोठं असं काही हाताला लागतं का? लागलं तर ती चांगली खूण समजा. का, ते पुढे सांगते. काही दिसलं म्हणून पिनेने, टूथपिकने कोरायला मात्र जाऊ नका. नळीचं तोंड जखमी झालं की भरताना आणखी आवळतं, आणि मग खडा नसतानाही सूज येत राहते.

तारीख मिळेपर्यंतचे दिवस कसे काढायचे? पाणी दिवसभर थोडं थोडं पीत राहा. तास घेताना जवळ बाटली ठेवाच, सलग बोलणाऱ्यांचं तोंड कोरडं पडतं आणि बरेच शिक्षक शाळा सुटेपर्यंत पाण्याला हातसुद्धा लावत नाहीत. सूज आली की कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेका, मग जबड्याच्या कोनाकडून हनुवटीकडे, म्हणजे मागून पुढे, बोटांनी दाबत लाळ ढकला. दिवसातून चार-पाच वेळा, आणि जेवणानंतर तर नक्कीच. आंबट तुम्ही सोडलंय, ते हळूच परत सुरू करा. लिंबाची फोड चघळली किंवा बिनसाखरेची आंबट गोळी तोंडात ठेवली की लाळेचा जोर वाढतो आणि मालिशबरोबर साचलेलं बाहेर पडतं. छोटे खडे कधीकधी याच जोरावर नळीच्या तोंडाशी येऊन आपसूक पडतात. सहा मिलिमीटरचा तसा पडेल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही, पण लाळ वाहती राहिली तरी खूप झालं. एक अपवाद : गाठ टणक झाली आहे, उतरतच नाही आणि काही बाहेर पडत नाही, अशा वेळी आंबट घेतलं तर दुखणं वाढेल. तेव्हा थांबा. दुखण्यासाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी चालते, फक्त ॲसिडिटी-अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास नसेल तर, आणि विचारूनच.

आता मुख्य प्रश्न, दोन डॉक्टरांचं कोण बरोबर. माझ्या मते तुमच्या बाबतीत दोघांनीही एकेक पायरी गाळली.

‘हात लावू नका’ हे उत्तर चुकीचं नाही, पण ते वेगळ्या रुग्णासाठी आहे. दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या एक्स-रेत योगायोगाने खडा दिसला, त्रास काहीच नाही, तर नुसतं लक्ष ठेवणं योग्यच. तुम्हाला दोन वर्षं त्रास आहे आणि दोनदा संसर्ग होऊन गेलाय. प्रत्येक संसर्गाने ग्रंथीत आणि नळीत थोडे व्रण राहतात, नळी आखडते, आणि पुढचं काम सर्जनला अवघड होत जातं. उद्याच्या उद्या धावायची गरज नाही. पण पुढच्या वर्षी बघू, असंही नको.

‘ग्रंथीच काढू’ हे पूर्वी सर्रास सांगितलं जायचं, कारण मागे बसलेल्या खड्यापर्यंत पोचायला दुसरा मार्ग नव्हता. शिवाय अशी समजूत होती की इतके दिवस अडलेली ग्रंथी कामातून गेलेलीच असणार. ती समजूत बरीचशी खोटी ठरली. अडथळा दूर झाला की पुष्कळ ग्रंथी पुन्हा बऱ्यापैकी लाळ देऊ लागतात. १९९० च्या दशकात लाळेच्या नळीत घालता येईल अशी बारीक दुर्बीण वापरात आली, तिने केलेल्या तपासणीला आणि उपचाराला सायलेंडोस्कोपी म्हणतात. ही दुर्बीण साधारण एक ते दीड मिलिमीटर जाडीची असते. नळीचं तोंड हळूहळू रुंदावून ती आत सरकवतात, खडा प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो आणि तारेच्या छोट्या जाळीत पकडून बाहेर ओढता येतो. जबड्याखालच्या ग्रंथीत साधारण ४ मिलिमीटरपर्यंतचे सुटे खडे असे निघतात. तुमचा त्याहून मोठा आहे, म्हणजे नुसत्या जाळीने तो अख्खा बाहेर येणं कठीण. मग तो आतच लेझरने किंवा तशाच दुसऱ्या साधनाने फोडावा लागतो, किंवा तोंडातूनच छोटा छेद देऊन काढावा लागतो.

इथे खड्याच्या आकारापेक्षा त्याची जागा महत्त्वाची, आणि तुमच्या पत्रात तीच आलेली नाही. खडा नळीच्या पुढच्या भागात असेल, बोटाला लागत असेल, तर काम सोपं आहे. जिभेखालचा भाग बधिर करून, नळीवर खड्याच्या वरच चिरा देऊन तो काढतात. बाहेर व्रण नाही, बहुतेकदा त्याच दिवशी घरी. म्हणून तो चाचपून हाताला लागला तर चांगलं, असं मघाशी म्हटलं. खडा मागे, नळी ग्रंथीतून निघते तिथे असेल, तर पूर्ण भूल द्यावी लागते, पण तिथलाही खडा तोंडातून काढणारे सर्जन आहेत. तिथे जिभेला संवेदना देणारी नस नळीच्या अगदी जवळून जाते. ती आधी शोधून बाजूला करावी लागते आणि नंतर काही दिवस जिभेची एक बाजू बधिर वाटू शकते. बहुतेकांचं ते जातं. हे काम रोज करणाऱ्या हातांकडूनच करून घ्यावं, एवढं मात्र खरं.

ग्रंथी काढणं मी शेवटी ठेवते : खडा ग्रंथीच्या पार आत रुतलाय, खडे अनेक आहेत, ग्रंथी पुन्हा पुन्हा पिकून आकसली आहे, किंवा बाकीचं करून झालं आणि उपयोग झाला नाही. तशी वेळ आली तरी घाबरू नका. एक ग्रंथी गेल्याने तोंड कायमचं कोरडं पडल्याची तक्रार फारशी कुणी करत नाही, बाकीच्या सांभाळून घेतात.

तोंड वाकडं होण्याची भीती कुठून आली ते मला कळतं. चेहऱ्याची मुख्य नस जाते ती कानापुढच्या ग्रंथीतून, तुमच्या ग्रंथीतून नाही. जबड्याखालून तिची एक बारीक फांदी खालच्या ओठाच्या कोपऱ्याकडे जाते. तिला धक्का लागू नये म्हणूनच गळ्यावरचा छेद जबड्याच्या कडेपासून दोन-तीन बोटं खाली घेतात. तरी ती ताणली गेली तर हसताना ओठाची एक बाजू नीट खाली येत नाही. हे बहुतेकांचं काही आठवड्यांत, काहींचं काही महिन्यांत सुधारतं, थोड्यांचं राहतं. तोंडातून खडा काढताना हा धोका जवळपास नसतोच. मला विचाराल तर ग्रंथीआधी खड्याच्या मागे लागायला एवढं एक कारणही पुरेसं आहे.

तेव्हा पुढची भेट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे किंवा तोंड-जबड्याच्या सर्जनकडे घ्या, आणि नुसतं ‘काय करू’ विचारू नका. विचारा : खडा नेमका कुठे आहे, एकच आहे की आणखी आहेत? सोनोग्राफीत मागचा किंवा दुसरा छोटा खडा निसटू शकतो, त्यासाठी साधा सीटी स्कॅन कामी येतो. साध्या एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून खडा नाही असं धरू नका, जबड्याखालच्या ग्रंथीतले पाचातला एक खडा एक्स-रेत उमटत नाही. मग विचारा : तो तोंडातून काढता येईल का? दुर्बिणीची सोय तुमच्याकडे आहे का, नसेल तर कुणाकडे पाठवाल? चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. आणि एक प्रश्न लोक हमखास विसरतात : भूल दिल्यावर खडा हाती लागला नाही तर त्याच वेळी ग्रंथी काढणार, की मला उठवून पुन्हा विचारणार? याचं उत्तर सहीच्या कागदावर लिहिलेलं असू द्या. संसर्ग चालू असताना घाई करू नका. तो आटोक्यात येऊन सूज बसली की मगच हे काम नीट होतं.

कॅन्सरचं थोडक्यात : हा खडा कॅन्सरमध्ये बदलत नाही. पण गाठ जेवणाशी संबंध नसताना कायम राहते, टणक आहे, वाढतेय, किंवा चेहऱ्याचा भाग लुळा पडतोय, तर तो खडा समजून घरी बसायचं नाही. तुमच्या गाठीचं वागणं तसं नाही, शिवाय सोनोग्राफीत कारण दिसलेलंच आहे. दोन्ही बाजूंना सूज आणि सोबत डोळे-तोंड सतत कोरडं असं काही असेल तर तपासणी वेगळी लागते, तेही सांगून ठेवा.

काही लक्षणांना मात्र सकाळपर्यंतही थांबायचं नाही. ताप चढलाय आणि जबड्याखालची सूज हनुवटीखाली किंवा गळ्याकडे पसरतेय, तोंड उघडत नाही, जीभ वर उचलल्यासारखी वाटते, लाळ गिळता येत नाही, आवाज जड झालाय किंवा श्वास लागतोय. यातलं काहीही झालं तर रात्रीचे किती वाजलेत ते न बघता थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. असा पसरणारा संसर्ग श्वासाची वाट अडवू शकतो. तो क्वचित होतो, पण झाला तर फार वेळ देत नाही.

खडा निघाल्यावरही पाणी, मालिश आणि थोडं आंबट काही आठवडे चालू ठेवायचं असतं, म्हणजे नळी भरताना तिची वाट उघडी राहते. पहिल्या दोन-चार दिवसांत जिभेखाली सूज दिसली म्हणून बिथरू नका. काही जणांना पुन्हा खडा होतो, पण त्या वेळी पहिल्या सुजेलाच ओळखाल, दोन वर्षं घालवणार नाही.

शाळेचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण तारीख ठरवताना तेच आडवं येणार. तोंडातून खडा काढला तर बहुतेक जण आठवड्याच्या आत कामावर जातात, पहिले दोन-तीन दिवस बोलायला अवघड वाटतं इतकंच. गळ्यावर छेद देऊन ग्रंथी काढावी लागली तर एक ते दोन आठवड्यांची रजा धरा. परीक्षांचे दिवस टाळून तारीख मागा.